मद्रासच्या वाळूवर परक्यांचा संसार

१६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याने दामर्ला वेंकटाद्री या स्थानिक नायकाकडून कोरोमंडल किनाऱ्यावरची वाळूची एक अरुंद पट्टी मिळवली. पुढच्या वर्षी तिथे सेंट जॉर्जच्या किल्ल्याचे काम सुरू झाले. जागेची निवड चमत्कारिक होती. बंदर म्हणावे असे काही तिथे नव्हते. खाडी नाही, आडोसा नाही. कूवम नदीच्या मुखाशी वर्षाचा बराच काळ वाळूचा बांध पडलेला असे. जहाज उघड्या समुद्रात नांगरायचे आणि मधल्या फुटणाऱ्या लाटांतून माणूस आणि माल जमेल तसा काठाला आणायचा, एवढीच सोय. तरीही जागा घेतली, कारण सुती कापड इथे स्वस्त मिळत होते. जिथे माल स्वस्त तिथे राहायचे, आणि राहण्याची अडचण राहणाऱ्याने सोडवायची, असा हा व्यापारी हिशेब होता.

मद्रासचा इतिहास आपण वाचतो तो बहुधा किल्ल्याचा आणि लढायांचा असतो. १७४६ साली फ्रेंचांनी शहर घेतले, तीन वर्षांनी तहानुसार परत दिले, १७५८-५९ च्या हिवाळ्यात लालीने वेढा घातला आणि तो फसला. हे सगळे खरेच आहे. पण जहाजातून उतरलेल्या विशीतल्या कारकुनाला पडणारे प्रश्न वेगळे होते. काठाला कसे पोचायचे? बोलायचे कुणाच्या तोंडून? पैसे कुठे मोडायचे? प्यायचे पाणी कुठून येते? या उकाड्यात झोप कशी लागणार? परक्या मुलखात बिऱ्हाड करणाऱ्या कुणालाही आजही हेच प्रश्न पडतात. मद्रासपुरती त्यांची उत्तरे शोधत गेले, की सत्तेच्या इतिहासात नीट न दिसणारी एक गोष्ट दिसू लागते. या परक्यांचा प्रत्येक दिवस कुणा ना कुणाच्या हातांवर उभा होता, आणि ते हात कुणाचे होते हे त्यांना पुरते ठाऊक होते.

सुरुवात उतरण्यापासूनच करू. मद्रासच्या काठावर लाटा एकामागोमाग एक अशा रांगांनी फुटतात. युरोपातली खिळे मारलेली ताठ होडी या लाटांत घातली, तर ती वाळूवर आपटून फुटायची. स्थानिक कोळ्यांची मसुला होडी वेगळ्या तत्त्वावर बांधलेली होती. तिच्या फळ्या काथ्याने एकमेकींना शिवलेल्या असत. खिळा एकही नाही. वाळूवर आदळली की ती थोडी वाकायची, दबायची आणि पुन्हा उभी राहायची. तांडेल मागे वल्ह्याने दिशा सांभाळे, वल्हेकरी एका सुरात ओरडत, आणि कोणत्या लाटेमागून आत शिरायचे हे तो डोळ्यांनी ठरवी. त्याहून साधे साधन म्हणजे कट्टुमरम. तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम म्हणजे लाकूड. एकत्र बांधलेल्या ओंडक्यांचा हा तराफा, ज्याच्या नावावरून इंग्रजीत कॅटमरान शब्द गेला. मसुला निघू शकणार नाही अशा खवळलेल्या समुद्रातही कट्टुमरमवाले जहाजापर्यंत जात. पत्रे ते डोक्यावरच्या निमुळत्या, पाणी न शिरणाऱ्या टोपीत ठेवत. तराफा उलटला तर माणूस पोहून पुन्हा वर चढे आणि पत्र कोरडे राही. लंडनच्या संचालकांचे हुकूम किल्ल्यापर्यंत पोचण्याचा शेवटचा टप्पा असा एका कोळ्याच्या टोपीतून जात होता.

या कौशल्यात ताकद होती आणि कोळ्यांना ती कळत होती. जहाज समोर उभे असताना होडी पाण्यात घातली नाही, तर कंपनीचा सगळा व्यवहार ठप्प. म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने नावाड्यांच्या, हमालांच्या आणि घरगड्यांच्या मजुरीचे दर ठरवून देण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा केले. पुन्हा पुन्हा करावे लागले, यातच त्यांच्या यशापयशाचा हिशेब आहे. शिवाय ऋतूपुढे कुणाचेच चालत नसे. ईशान्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत, मद्राससमोर नांगरून राहणे म्हणजे जहाज गमावणे. किल्ल्यावरची निशाणकाठी उतरवली जाई आणि जहाजांनी निघून जायचे असा नियम होता. वर्षातले दोन महिने या गावाचा आणि समुद्राचा संबंध जवळजवळ तुटलेला असे.

नव्या माणसाला पहिला भेटणारा स्थानिक बहुधा दुभाष असे. मराठीतला दुभाषी आणि मद्रासचा दुभाष हे शब्दाने भाऊ, पण मद्रासमध्ये त्या शब्दाचा अर्थ पुष्कळ रुंदावला होता. दुभाष बोलणे तर पोचवायचाच, शिवाय घर मिळवून द्यायचा, नोकर लावायचा, बाजार आणायचा, हिशेब ठेवायचा, आणि मुख्य म्हणजे कर्ज द्यायचा. जहाज दिसताच काही दुभाष होडीत बसून थेट जहाजावर जात आणि जुन्या साहेबांनी दिलेली शिफारसपत्रे पुढे करत. कंपनीच्या कारकुनाचा पगार वर्षाला पाच पौंड होता. त्यात धड कपडेही झाले नसते. खरी कमाई खासगी व्यापारातून व्हायची आणि त्या व्यापाराचे भांडवल दुभाषाकडून यायचे. म्हणजे कागदावर साहेब मालक आणि दुभाष नोकर, तर खतावणीत दुभाष सावकार आणि साहेब ऋणको.

पैशाचा व्यवहार तर त्याच्याशिवाय अशक्यच होता. मद्रासचे नाणे पॅगोडा, म्हणजे सोन्याचा होन. बेचाळीस फणमांचा एक स्टार पॅगोडा आणि ऐंशी काशांचा एक फणम. सुमारे साडेतीन रुपयांना एक पॅगोडा पडे, पण तांब्या-रुप्या-सोन्याचे आपसातले भाव बाजारात हलत राहात. पगार सोन्यात धरायचा, हमालाला तांब्यात द्यायचे, आणि मधली वटणावळ सराफाच्या आणि दुभाषाच्या पदरात. १८१८ साली मद्रास इलाख्याने रुपया हे अधिकृत नाणे केले, तोवर हे असेच चालले. साहेबलोक पत्रांतून दस्तुरीबद्दल कुरकुरत. प्रत्येक खरेदीत नोकराने ठेवलेला हा हिस्सा त्यांना चोरी वाटे. पण तीच मंडळी कंपनीच्या जहाजातून स्वतःचा माल पाठवून, कंपनीच्याच खरेदीत अडत मारून श्रीमंत होत होती. एका टोकाला दस्तुरी, दुसऱ्या टोकाला खासगी व्यापार. कृती एकच, नावे दोन.

दुभाषांच्या नशिबी काय आले याची दोन टोके मद्रासच्याच इतिहासात सापडतात. अवधानम पापय्या हा बडे अधिकारी हाताशी असलेला दुभाष. एका इंग्रज अधिकाऱ्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १७९२ साली त्याच्यावर खटला चालला आणि त्यात तो दोषी ठरला. पुढे वॉल्टर स्कॉटच्या एका कादंबरीत त्याचे खलपात्र झाले. दुसरा पच्चैयप्पा मुदलियार. याने मिळवलेली दौलत धर्मकार्यासाठी ठेवली आणि १७९४ साली तो गेला. त्या पैशातून दीर्घ कज्जेदलालीनंतर १८४२ साली जी शाळा निघाली, तिचेच पुढे पच्चैयप्पा कॉलेज झाले. दक्षिणेला फ्रेंचांच्या पुदुच्चेरीत आनंद रंग पिळ्ळै हा दुभाष १७३६ पासून पंचवीस वर्षे तमिळमध्ये रोजनिशी लिहीत होता. साहेबांबद्दल साहेबांनी लिहिलेले ढीगभर आहे. साहेबाच्या शेजारी रोज उभ्या असलेल्या माणसाला साहेब कसा दिसत होता, हे सांगणारे लेखन इतके थोडे, की ही रोजनिशी एकटीच एका दफ्तरखान्याच्या तोलाची आहे.

आता घर. सुरुवातीचे इंग्रज किल्ल्याच्या आत राहात, एकाच पंगतीला हुद्द्याप्रमाणे बसून जेवत. कोणाच्या डोक्यावर अबदागीर धरावी आणि कोणाच्या नाही यावरही सतराव्या शतकात बंधने होती. छत्री धरणारा पोऱ्या ठेवणे ही सोय नव्हे, मान होता, आणि तो कारकुनाला शोभत नव्हता. पुढे पैसा आला आणि अठराव्या शतकात मंडळी किल्ल्याबाहेर बागबंगल्यांत पसरली. या बंगल्यांचे पांढरेशुभ्र, संगमरवरासारखे चकाकणारे खांब पाहून नवखे थक्क होत. तो संगमरवर नव्हता, मद्रासी चुना होता. समुद्रातले शिंपले भाजून केलेला चुना, त्यात अंड्याचा पांढरा, दही, तूप मिसळून थरावर थर द्यायचे आणि शेवटचा थर हाताने घोटत राहायचे. इटलीचा भास कोरोमंडलच्या गवंड्यांनी घोटून घोटून तयार केला होता.

किल्ल्यातली वस्ती व्हाइट टाउन आणि तटाबाहेरची विणकर, व्यापारी, नावाडी, नोकर यांची वस्ती ब्लॅक टाउन. सोयीसाठी जवळ हवी, पण तटाला खेटून नको, असे तिचे दुखणे होते. फ्रेंचांनी शहर घेतल्यावर आणि नंतरच्या वेढ्यात या घरांच्या आडून हल्ला होतो हे कळले, तेव्हा तोफांना समोर मोकळे मैदान मिळावे म्हणून जुनी वस्ती पाडण्यात आली. माणसे उत्तरेकडच्या नव्या वस्तीत गेली. जुन्या घरांच्या जागी आज मद्रास उच्च न्यायालय उभे आहे. नव्या वस्तीचे नाव १९०६ साली राजपुत्राच्या भेटीनंतर जॉर्ज टाउन झाले.

किल्ल्यात गोड्या पाण्याची चणचण होती. वेढा पडला तर प्यायचे काय, हा लष्करी प्रश्न होता आणि रोजचाही. १७७२ साली कॅप्टन बेकर याच्याशी करार करून ब्लॅक टाउनच्या उत्तरेच्या विहिरींतून किल्ल्याला पाणी देण्याची योजना झाली. सात विहिरी म्हणून ती ओळखली गेली आणि तिथल्या रस्त्याला ते नाव चिकटले. पाणी काळ्या वस्तीच्या जमिनीतून, तहान किल्ल्याची. सबंध शहरासाठी तांबड्या टेकड्यांच्या तलावाचे पाणी यायला १८७२ साल उजाडले. या दोन सालांमध्ये बरोबर शंभर वर्षांचे अंतर आहे.

उकाड्यावर तीन उपाय होते आणि तिन्हींत माणूस लागे. पहिला वाळ्याच्या ताट्यांचा. दारे-खिडक्यांत वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारत राहायचे. मे-जूनमध्ये पश्चिमेकडून जमिनीवरचा कोरडा, भाजणारा वारा वाहतो तेव्हाच हा उपाय चाले. समुद्रावरून दमट वारा आला की ओली ताटी नुसती ओलीच राही. दुसरा उपाय छताला टांगलेल्या पंख्याचा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तो घरोघर, कचेरीत, चर्चमध्येही आला. दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलेली आणि दुसऱ्या टोकाला रात्रभर ती ओढणारा माणूस. वारा आत, तो बाहेर. त्याला डुलकी लागली की आतला माणूस घामाने जागा होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात ठिकठिकाणी अशी प्रकरणे कोर्टात आली, की संतापलेल्या साहेबाच्या लाथेने पंखेवाला मेला, आणि त्याची प्लीहा आधीच वाढलेली होती या बचावावर साहेब किरकोळ शिक्षेवर सुटला. एका माणसाची झोप आणि दुसऱ्याचा जीव यांची किंमत कोर्टाच्या तराजूत कशी लागत होती, हे त्या निकालांत स्पष्ट दिसते.

तिसरा उपाय सर्वांत नवलाचा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतला बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. विषुववृत्त दोनदा ओलांडून, सुमारे चार महिने प्रवास करून, निघताना सुमारे १८० टन असलेल्या मालापैकी शंभरेक टन बर्फ शाबूत पोचला. युक्ती होती ती लाकडाच्या भुशात बर्फाच्या लाद्या घट्ट रचण्याची. पुढे मुंबई आणि मद्रासलाही बर्फाची गोदामे झाली. मद्रासचे आइस हाउस १८४० च्या दशकात समुद्राकाठी उभे राहिले. थोरोने ‘वॉल्डन’मध्ये आपल्या तळ्यावर बर्फ कापणाऱ्या मजुरांचे वर्णन करताना मद्रास, मुंबई, कलकत्त्याच्या घामाघूम रहिवाशांची आठवण काढली आहे. त्याच्या मनात गंगेच्या पाण्याशी आपल्या तळ्याचे पाणी मिसळत होते. प्रत्यक्षात ते बहुतांशी साहेबांच्या पेल्यात मिसळत होते. १८७० च्या दशकात यंत्राने बर्फ करण्याचे कारखाने निघाले आणि तो व्यापार जसा आला तसा वितळला.

दुखण्याबाबत मात्र देवघेव दोन्हीकडून होती, आणि इथे आपल्या इतिहासाचा एक धागा येऊन मिळतो. १६७७ च्या मे महिन्यात कर्नाटकाच्या स्वारीवर असलेल्या शिवाजी महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडे एक ब्राह्मण वकील पाठवला. मागणी होती काळजाला बळ देणाऱ्या औषधी खड्यांची आणि विषावरच्या उताऱ्यांची. किल्ल्यावरच्या इंग्रजांनी किंमत न घेता त्या वस्तू नजराणा म्हणून पाठवल्या. एवढ्या मोठ्या फौजेच्या धन्याशी दोन-चार खड्यांच्या किमतीवरून घासाघीस करण्यात शहाणपण नव्हते. नंतर त्याच वर्षी मराठ्यांनी इंजिनियर मागितले, तेव्हा मात्र गोड शब्दांत नकार गेला. उलट दिशेने पाहिले तर १६९० च्या दशकात किल्ल्याचा सर्जन सॅम्युएल ब्राउन आसपासच्या औषधी वनस्पती गोळा करून, त्यांची स्थानिक नावे आणि उपयोग लिहून लंडनला जेम्स पेटिव्हरकडे पाठवत होता. ते ज्ञान लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत छापले गेले. ज्यांनी ती झाडे दाखवली त्या वैद्यांची नावे मात्र किनाऱ्यावरच राहिली.

औषधे पुरी पडत नसत. १६८० साली पवित्र झालेल्या सेंट मेरी चर्चमधले पहिले नोंदलेले लग्न एलिहू येलचे. पुढे तो गव्हर्नर झाला, त्याच्या देणगीवरून अमेरिकेतल्या विद्यापीठाला नाव मिळाले. त्याचा तान्हा मुलगा डेव्हिड मात्र १६८८ च्या सुरुवातीला मद्रासच्या मातीत गेला. लालीच्या वेढ्यात फ्रेंच सैनिकांनी इंग्रजांच्या दफनभूमीतल्या उंच थडग्यांचा आडोसा केला होता. म्हणून नंतर ते दगड उचलून चर्चच्या अंगणात फरशीसारखे बसवले. आज चर्चमध्ये जाणारा माणूस मूळ कबरींपासून तुटलेल्या त्या नावांवरून चालत जातो.

या जगण्याचे उत्तम वर्णन बायकांच्या पत्रांत आहे. ज्युलिया मेटलंड १८३६ ते १८३९ मद्रास आणि राजमहेंद्रीला होती. तिची पत्रे १८४३ साली तिच्या नावाशिवाय छापली गेली. नोकरांची गर्दी, मुंग्या, उकाडा, देशबांधवांचा आळस आणि त्यांचे इथल्या माणसांबद्दलचे अज्ञान, सगळ्यांवर तिची नजर आहे. राजमहेंद्रीत तिने आणि तिच्या नवऱ्याने मुलांसाठी शाळाही काढली. तरी तिच्या पत्रांतही आया, बटलर, पालखीचे भोई येतात ते बहुधा कामाच्या नावाने. हा तिचा एकटीचा दोष नव्हे. परक्या गावात सुखाने राहण्याची ती पद्धतच होती. माणसाला त्याच्या कामाने हाक मारली, की त्याच्या घरी आज चूल पेटली का हे विचारावे लागत नाही.

शेवटी उतरण्याची अडचणही सुटली. १८६१ साली समुद्रात शिरणारा लोखंडी धक्का झाला. १८७५ साली बंदराची कोनशिला बसली. १८८१ च्या नोव्हेंबरमधल्या वादळाने बरेचसे बांधकाम मोडले. ते पुन्हा उभारले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस स्प्रिंगने प्रवेशद्वार बदलून बंदर पुरे केले. उतारूंना आता कोरड्या पायांनी उतरता येऊ लागले. मसुलाच्या तांडेलाची गरज संपली आणि तिच्याबरोबर त्याची ताकदही. पण समुद्र आपला हिशेब मांडतच होता. या किनाऱ्यावरून लाटा वर्षभरात पुष्कळ वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहून नेतात. बंदराच्या भिंतीने ती अडवली. दक्षिणेला वाळू साचत गेली, आणि ग्रँट डफच्या काळात जिथे मरीनाचा रस्ता झाला तिथली चौपाटी रुंदावत राहिली. उत्तरेला रायपुरमच्या बाजूला वाळू येईना, आणि समुद्र कोळीवाड्यांची जमीन खाऊ लागला. ज्यांनी दोनशे वर्षे परक्यांना लाटांतून काठावर आणले, त्यांच्या वस्तीलगतचा काठच त्या बंदरामुळे झिजला.

आइस हाउसची गोष्ट थोडी सुखाची आहे. बर्फाचा धंदा बुडाल्यावर बिळिगिरी अय्यंगार या वकिलाने ती इमारत घेतली. १८९७ च्या फेब्रुवारीत पश्चिमेहून परतलेले विवेकानंद तिथे उतरले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भगिनी सुब्बलक्ष्मी यांनी बालविधवा मुलींसाठी चालवलेले वसतिगृह तिथे आले. केस उतरवून घरात कोंडलेल्या मुली त्या गोल भिंतींत राहून शिकल्या, त्यांतल्या कित्येक पुढे शिक्षिका झाल्या. साहेबाच्या पेल्यासाठी थंडावा साठवायला बांधलेल्या त्या इमारतीत आता विवेकानंदांचे स्मारक आहे, आणि साचलेल्या वाळूमुळे समुद्र तिच्यापासून बराच दूर गेला आहे. अधिकृत नाव बदलले, तरी त्या भागाला चेन्नईतले लोक अजून आइस हाउसच म्हणतात.